खग्रास ग्रहणाचा वारकरी

१८६८ च्या पावसाळ्यात मद्रास इलाख्यातील गुंटूर या गावी एक लंगडत चालणारा फ्रेंच गृहस्थ येऊन उतरला. बरोबर दुर्बिणी होत्या, लोलक होते आणि प्रकाशाचे पृथक्करण करणारी वर्णपटदर्शक उपकरणे होती. सुएझचा कालवा अद्याप खुला व्हायचा होता. तरीही फ्रान्सपासून आंध्रपर्यंतची ही यातायात या गृहस्थाने केली ती आकाशातील जेमतेम काही मिनिटांच्या अंधारासाठी. गावातील एका फ्रेंच व्यापाऱ्याने आपल्या घराचा वरचा मजला त्याच्या स्वाधीन केला. या गृहस्थाचे नाव पिएर ज्यूल सेझार जान्सेन. पुढील सदतीस वर्षे खग्रास सूर्यग्रहणाच्या मागे त्यांनी जगभर पायपीट केली आणि तीही अधू पायाने.

जान्सेन यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८२४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील संगीतकार. लहानपणी सांभाळणाऱ्या दाईच्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला आणि एक पाय कायमचा अधू झाला. त्यामुळे नियमित शाळा घडली नाही. घरची स्थिती बेताची असल्याने तरुणपणी बँकेत कारकुनी करावी लागली. शिक्षण त्यांनी उशिरा पूर्ण केले. डॉक्टरेट मिळाली तेव्हा वयाची छत्तिशी आली होती. १८५७ मध्ये पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताचा वेध घेण्यासाठी ते पेरूला गेले आणि आजारी पडून परतले. दुसरा एखादा असता तर दूरचे प्रवास सोडून देता. जान्सेन यांच्या बाबतीत ती सुरुवात ठरली.

त्याच सुमारास जर्मनीत किर्कहोफ आणि बुन्सेन यांनी वर्णपटशास्त्राचा पाया घातला. प्रत्येक मूलद्रव्य तापवले असता ठराविक रंगांच्या रेषा देते. त्या रेषा ओळखल्या की ते द्रव्य लाखो मैलांवर असले तरी ओळखता येते. जान्सेन यांनी या नव्या विद्येला वाहून घेतले. सूर्याच्या वर्णपटातील काही काळ्या रेषा सूर्यातील नसून आपल्याच वातावरणातील आहेत हे दाखवण्यासाठी त्यांनी १८६४ मध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी न्यों येथे लाकडाचा जाळ पेटवला आणि वीस किलोमीटरहून अधिक अंतरावरून जिनिव्हातून तो वर्णपटदर्शकातून न्याहाळला. मधल्या हवेतील बाष्पाने आपल्या रेषा त्या उजेडावर उमटवल्या होत्या.

१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचे महत्त्व येथे ध्यानात येते. खग्रास स्थितीत चंद्राच्या काळ्या बिंबाभोवती तांबूस ज्वाला दिसतात, हे आधीपासून ठाऊक होते. १८६० च्या ग्रहणाच्या छायाचित्रांनी त्या ज्वाला चंद्राच्या नसून सूर्याच्या आहेत हेही सिद्ध केले होते. त्या कशाच्या बनलेल्या आहेत, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. नवे उपकरण हाती आल्यानंतर भरपूर कालावधीचे असे हे पहिलेच मोठे ग्रहण होते आणि त्याचा पट्टा भारतावरून जात होता. त्यामुळे ऐन पावसाळा असूनही वेधकऱ्यांच्या तुकड्या ठिकठिकाणी दाखल झाल्या. गुंटूरलाच मेजर टेनंट यांची इंग्रज तुकडी होती. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणला गेले होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात विख्यात हर्शेल घराण्यातील जॉन हर्शेल यांनी मुक्काम ठोकला होता.

त्या सकाळी गुंटूरला निरीक्षणापुरते आकाश मिळाले. सूर्य झाकला गेला आणि जान्सेन यांनी यंत्राची फट ज्वालांवर नेली. सलग सप्तरंगी पट्ट्याऐवजी काळोखात मोजक्या लखलखीत रेषा दिसल्या. म्हणजे ज्वाला तप्त वायूच्या होत्या आणि त्यांत मुख्यत्वे हायड्रोजन होता. हे निदान त्या दिवशी इतरांनीही केले. जान्सेन यांचे वेगळेपण पुढच्या काही क्षणांत आहे. त्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण सुटल्यावरही त्या दिसल्या पाहिजेत, असे त्यांच्या मनाने घेतले.

कल्पना साधी आहे. दिवसा ज्वाला दिसत नाहीत, कारण सूर्याभोवतीच्या आकाशाचा लख्ख उजेड त्यांना गिळून टाकतो. पण या उजेडात सगळे रंग असतात. वर्णपटदर्शकाने तो फाकला की तो लांबरुंद पट्ट्यात पसरून फिका होतो. ज्वालेचा प्रकाश मात्र दोन-चार रेषांतच एकवटलेला असल्याने फिका होत नाही. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, भल्या सकाळी जान्सेन यांनी सूर्याच्या कडेवर फट नेली आणि कालच्या रेषा भर उन्हात समोर उभ्या राहिल्या. यंत्र किंचित किंचित सरकवत त्यांनी ज्वालांचे आकार रेखाटले. ज्वाला काही मिनिटांत रूप पालटतात हेही त्यांना दिसले. सतरा दिवस हेच काम चालू होते. माणसाने वर्षानुवर्षे ज्याची वाट पाहायची ते ग्रहण गुंटूरच्या त्या घरात जणू रोज लागत होते.

बातमी देण्याची घाई मात्र त्यांनी केली नाही. फ्रेंच विज्ञान अकादमीला त्यांनी पत्र लिहिले ते १९ सप्टेंबरला काकिनाड्याहून, म्हणजे शोधानंतर बरोबर एका महिन्याने. पत्र जहाजाने पॅरिसला पोचेपर्यंत ऑक्टोबर संपत आला. इकडे इंग्लंडमध्ये युद्धखात्यात कारकुनी करणारे हौशी ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर यांना हीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली होती. २० ऑक्टोबरला त्यांनी ग्रहणाविना ज्वालेच्या रेषा पाहिल्या. दोघांचीही पत्रे अकादमीच्या २६ ऑक्टोबरच्या बैठकीत आली. असे प्रसंग एरवी कडवट वादांना जन्म देतात. येथे श्रेय दोघांना वाटून देण्यात आले आणि पुढे दोघांच्या मुद्रा असलेले पदक पाडण्यात आले. जान्सेन आणि लॉकियर यांची मैत्री शेवटपर्यंत टिकली.

या ठिकाणी महाराष्ट्रात रूढ झालेली एक समजूत तपासून घ्यायला हवी. हेलियमचा शोध लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला, असे वारंवार सांगितले जाते. १८६८ चा ग्रहणपट्टा कोकण किनाऱ्यावरून गेला हे खरे. पण त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्येच होते. ज्वालांमधील पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही, हे त्यांनी तिथेच ताडले. विजयदुर्गावर ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. गडावरचे साहेबाचे ओटे त्या मोहिमेची खूण आहेत. तोवर रॅम्से यांनी १८९५ मध्ये पृथ्वीवरही हेलियम शोधून काढला होता. जान्सेन यांना हेलियमचे जनक म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. पिवळी रेषा त्या दिवशी अनेकांनी पाहिली, परंतु तिच्यामागे नवे मूलद्रव्य असावे हा तर्क जान्सेन यांनी केला नव्हता. त्यांचे खरे कर्तृत्व पद्धतीचे आहे आणि ते पुरेसे मोठे आहे.

ज्वाला रोज दिसू लागल्यावर ग्रहणांमागे धावण्याचे कारण उरले नाही, असे वाटेल. तसे झाले नाही. ज्वालांच्याही पलीकडे सूर्याचे रुपेरी प्रभामंडळ असते. त्याचे तेज सूर्यबिंबाच्या दहा लाखांश इतकेच. जान्सेन यांची युक्ती त्याच्यापुढे चालत नव्हती. त्याला पाहायचे तर चंद्राच्या सावलीतच उभे राहावे लागे.

अशी एक सावली २२ डिसेंबर १८७० रोजी अल्जीरियावरून जाणार होती. जान्सेन यांनी तेथे जायचे ठरवले, पण सप्टेंबरपासून प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला होता. शहरात अन्नाची ददात होती. इंग्रज शास्त्रज्ञांनी शत्रूच्या फळीतून त्यांना सुखरूप बाहेर पडू देण्याचा परवाना मिळवण्याची खटपट केली. जान्सेन यांनी ती सवलत नाकारली. वेढ्याच्या काळात साठाहून अधिक फुगे पत्रे आणि माणसे घेऊन पॅरिसबाहेर उडाले. त्यांतलाच एक, ‘व्होल्टा’ नावाचा, त्यांनी निवडला. फुग्यातला प्रवासी शत्रूच्या हाती लागला तर हेर ठरवला जाण्याची धास्ती होती. २ डिसेंबरला अंधारातच, एक खलाशी आणि सुटी करून बांधलेली उपकरणे घेऊन, शेहेचाळीस वर्षांचे जान्सेन आकाशात गेले. वाऱ्याने फुगा पश्चिमेकडे नेला. सुमारे पाच तासांनी, समोर अटलांटिक दिसू लागला असताना, लुआर नदीच्या मुखाजवळ ते उतरले. एवढे दिव्य करून ते वेळेत ओरानला पोचले, उपकरणे लावली, आणि ग्रहणाच्या दिवशी आकाश ढगांनी भरून आले. काहीही दिसले नाही. त्याच ग्रहणासाठी सिसिलीला निघालेल्या लॉकियर यांचे जहाज खडकावर चढले आणि त्यांना ढगांच्या फटीतून जेमतेम दीड सेकंद ग्रहण दिसले. ११ ऑगस्ट १९९९ रोजी कच्छमध्ये किंवा २२ जुलै २००९ रोजी बिहारमध्ये तारेगण्याला जाऊन ढगांकडे पाहत उभ्या राहिलेल्यांना ही हळहळ समजावून सांगायला नको.

वर्षाच्या आत जान्सेन पुन्हा भारतात होते. १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी त्यांनी निलगिरीतील शोलूर हे गाव निवडले. यावेळी आकाशाने साथ दिली. प्रभामंडळाच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेषांबरोबरच सूर्यप्रकाशातील ओळखीच्या काळ्या रेषाही दिसल्या. प्रभामंडळाचा काही प्रकाश त्याचा स्वतःचा आहे आणि काही सूर्याचाच परावर्तित होऊन येतो, हे त्यातून कळले. ओरानची भरपाई झाली.

प्रवास थांबले नाहीत. १८७४ मध्ये शुक्राच्या अधिक्रमणासाठी ते पत्नी आँरिएत यांच्यासह जपानला, नागासाकीला गेले. तेथे वापरलेले त्यांचे ‘छायाचित्रण रिव्हॉल्व्हर’ ७२ सेकंदांत ४८ चित्रे टिपत असे. चलच्चित्राच्या पूर्वजांत त्याची गणना होते. परतीच्या वाटेवर एप्रिल १८७५ मध्ये सयाममध्ये ग्रहण होते, तेही त्यांनी साधले. १८८३ मध्ये तर पाच मिनिटांच्या ग्रहणासाठी ते पॅसिफिक महासागरातील कॅरोलाइन या चिमुकल्या बेटावर गेले. मधल्या काळात पॅरिसजवळ म्यूदों येथे, युद्धात जळालेल्या राजवाड्याच्या अवशेषांत, त्यांनी सौर वेधशाळा उभी केली आणि सूर्याची हजारो छायाचित्रे जमवली. उतारवयात त्यांना माँ ब्लां शिखराचे वेड लागले. स्वतः चढणे अशक्य असल्याने मजुरांनी त्यांना घसरगाडीतून ओढून नेले. १८९३ मध्ये शिखरावरच्या बर्फातच त्यांनी वेधशाळा बांधली. खाली खडक सापडला नव्हता. ती हळूहळू बर्फात रुतत गेली.

ऑगस्ट १९०५ मध्ये स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रहण पाहायला आलेल्यांत ८१ वर्षांचे जान्सेन होते. ते त्यांचे अखेरचे ग्रहण. २३ डिसेंबर १९०७ रोजी म्यूदों येथे त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी माँ ब्लांवरची वेधशाळा मोडून काढावी लागली.

प्रभामंडळ ग्रहणाविना पाहण्याची किमया अखेर साधली ती म्यूदोंच्याच बर्नार ल्यो यांना, १९३० च्या सुमारास. सूर्यबिंब झाकणारी खास दुर्बीण त्यांनी तयार केली. तरीही फेब्रुवारी १९५२ मध्ये ते खग्रास ग्रहण पाहण्यासाठी सुदानमध्ये खार्टुमला गेले. परतताना इजिप्तमध्ये, कैरोजवळ रेल्वेगाडीत त्यांना मृत्यू आला.