ग्रीनलँडच्या बर्फाचा हिशोब मांडायला गेलेला वेगेनर परत आलाच नाही

शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी एक नाव वाचलंय. आल्फ्रेड वेगेनर.

दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत बसतात, म्हणजे हे खंड कधीकाळी जोडलेले होते आणि नंतर सरकत लांब गेले, असं सांगणारा जर्मन माणूस. परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न यायचा आणि विषय संपायचा.

पण हा गडी मुळात भूगर्भशास्त्रज्ञ नव्हताच. त्याची पीएचडी खगोलशास्त्रातली, काम हवामानशास्त्रातलं. आणि त्याचा जीव गेला तो ग्रीनलँडचा बर्फ मोजण्याच्या नादात.

वेगेनरचा जन्म १८८० चा, बर्लिनचा. १९०६ मध्ये त्यानं भाऊ कुर्टसोबत बलूनमधून सलग ५२ तास उडण्याचा विक्रम केला. त्याच वर्षी एका डॅनिश मोहिमेतून तो पहिल्यांदा ग्रीनलँडला गेला. त्या मोहिमेचा प्रमुख आणि त्याचे दोन साथीदार तिथंच मेले. दुसरा एखादा असता तर त्यानं परत तिकडे तोंड केलं नसतं. वेगेनर मात्र १९१२ मध्ये पुन्हा गेला. आइसलँडची तट्टं घेऊन, योहान पीटर कोखसोबत. हिवाळा बर्फावर काढून त्यांनी अख्खं ग्रीनलँड आडवं पार केलं. शेवटी खायला काही उरलं नाही आणि सोबतचं कुत्रंसुद्धा मारावं लागलं. दूरच्या वस्तीकडे निघालेला एक पाद्री योगायोगानं भेटला म्हणून वाचले.

मधल्या काळात महायुद्ध झालं. वेगेनर दोनदा जखमी झाला, सुट्टीत त्यानं खंडवहनाचं पुस्तक लिहिलं, आणि बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञांनी ते उडवून लावलं. १९२४ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठात त्याला प्राध्यापकी मिळाली. बायको एल्स, तीन मुली, पक्की नोकरी. सगळं मार्गी लागलं होतं.

तरी ग्रीनलँड काही डोक्यातून जात नव्हतं.

तिथं साधारण १७ लाख चौरस किलोमीटर बर्फ आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाच पट. पण तो जाड किती, दरवर्षी त्यात भर किती पडते आणि वितळून जातो किती, हे नीट कुणालाच ठाऊक नव्हतं. बँकेच्या पासबुकासारखंच आहे हे. मधल्या उंच भागात बर्फ पडतो ती जमा. कडेला पाणी होऊन वाहतो, हिमनग होऊन समुद्रात तुटून पडतो, तो खर्च. आणि एकूण जाडी ही शिल्लक. नुसतं कडेला उभं राहून पाणी वाहताना बघितलं तर खर्च दिसतो, पण खातं रिकामं होतंय की भरतंय ते कळत नाही.

म्हणून १९३० च्या मोहिमेत तिन्ही गोष्टी एकदम मोजायच्या ठरल्या. खर्चाची पद्धत अगदी साधी. हिमनदीत खोल भोक पाडून काठी रोवायची. उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळला की काठी जास्त बाहेर येते. ती एक मीटरनं उघडी पडली तर साधारण ९० सेंटिमीटर उंचीचं पाणी वाहून गेलं. शिल्लक मोजायला बर्फावर स्फोट करायचा, खालच्या खडकावर आपटून लाट परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं. आणि जमा मोजायला माणसांनी बर्फाच्या मधोमध वर्षभर राहायचं.

हे शेवटचं सगळ्यात अवघड. किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत, ३,००० मीटर उंचीवर ठाणं उभारायचं होतं. त्याचं नाव आइसमिटं, म्हणजे बर्फाचा मध्य.

सुरुवातच उशिरा झाली. समुद्र गोठलेला असल्यामुळे सामान उतरवायलाच सहा आठवडे वाट बघावी लागली. विमानासारखा पंखा लावलेल्या घसरगाड्या आणल्या होत्या, पण ताज्या बर्फात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात त्या हलेनात. आइसमिटंवर गेओर्गी आणि झोर्गं हे दोघं होते, आणि त्यांनी निरोप पाठवला की २० ऑक्टोबरपर्यंत रसद आली नाही तर आम्ही चालत परत निघू.

थंडीत ते दोघं वाटेतच मरतील, या भीतीनं वेगेनर २१ सप्टेंबरला स्वतः निघाला. सोबत फ्रिट्झ लोवं, १३ स्थानिक ग्रीनलँडवासी आणि कुत्र्यांच्या १५ घसरगाड्या. थंडी वाढली तसे बहुतेक जण माघारी फिरले, आणि त्यात चूक काही नव्हती. राहिला एकटा रासमुस विलुमसेन, विशीतला पोरगा. वाटेत पारा उणे ५० च्या खाली गेला. ३० ऑक्टोबरला तिघं पोचले, तेव्हा ज्यासाठी निघाले ती रसद जवळपास काहीच उरली नव्हती.

आणि तिथं गेल्यावर कळलं की गेओर्गी आणि झोर्गं यांनी बर्फात गुहा खोदून तिथंच राहायचं आधीच ठरवलं होतं. वायरलेस असता तर हा प्रवास घडलाच नसता.

लोवंच्या पायाची बोटं गोठली होती. ती खिशातल्या चाकूनं आणि पत्रा कापायच्या कात्रीनं कापावी लागली. पाच जणांना पुरेल एवढं अन्न नव्हतं. १ नोव्हेंबरला वेगेनरचा पन्नासावा वाढदिवस होता. त्याच दिवशी तो आणि विलुमसेन परत निघाले. दोघंही पोचले नाहीत.

पुढच्या मे महिन्यात अर्ध्या वाटेवर बर्फात उभ्या रोवलेल्या स्की दिसल्या. खाली वेगेनर होता, नीट कापडात शिवलेला. बहुधा हृदय थांबलं असावं. त्याला पुरून, त्याची डायरी घेऊन विलुमसेन पुढे गेला होता. तो आणि डायरी आजवर सापडलेले नाहीत. भूगोलाच्या पुस्तकात त्याचं नाव नसतं, पण असायला हवं होतं.

आइसमिटंवर राहिलेल्या तिघांनी हिवाळा काढला. बाहेर उणे ६० अंश. झोर्गंनं गुहेतून १५ मीटर खोल खड्डा खणला आणि थराथराची घनता मोजली. वरचा बर्फ भुसभुशीत, खाली जाईल तसा दाबून घट्ट. आज उपग्रह सांगतात की ग्रीनलँडचा पृष्ठभाग किती खचला, पण त्यावरून किती टन बर्फ गेला हे काढायचं तर ही घनता लागतेच. २००२ पासूनचे गुरुत्वाकर्षण मोजणारे उपग्रह तर थेट वजनच सांगतात. वर्षाला सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास घट. जुलै २०१२ मध्ये जवळपास सगळ्या पृष्ठभागावर बर्फ वितळू लागला होता. १४ ऑगस्ट २०२१ ला तर ३,२०० मीटर उंचीवरच्या समिट केंद्रावर पाऊस पडला, तिथल्या नोंदींमधला पहिलाच.

कुर्ट वेगेनरनं भावाची मोहीम पूर्ण केली. काठ्यांच्या नोंदी छापल्या गेल्या आणि नंतर कित्येक वर्षं ग्रंथालयात पडून होत्या. अलीकडे त्याच हिमनदीवर पुन्हा काठ्या आणि हवामान यंत्रं लागली आहेत, म्हणजे तेव्हाचं आणि आताचं वितळणं एकाच जागेवर ताडून बघता येतंय. ती लावणारे संशोधक ग्राझ विद्यापीठाचे आहेत.