मादाम क्यूरी: एक्स-रे मशीन गाडीत घालून जखमींपर्यंत नेणाऱ्या शास्त्रज्ञ

मादाम क्यूरी म्हटलं की शाळेच्या पुस्तकातलं रेडियम आणि दोन नोबेल आठवतात. मणक्याच्या ऑपरेशनमध्ये वापरायच्या पोर्टेबल मशीनबद्दल वाचताना मला त्यांचं तिसरं काम सापडलं, आणि ते आमच्या शिरूर-दौंड भागाला जास्त जवळचं वाटलं. शिरूरला रेल्वे नाही. दौंडला मोठं जंक्शन आहे, पण कंबरेतून पायात कळ जात असताना गाडीत बसून पुणे गाठणं ही शिक्षाच असते. मशीन शहरात आणि पेशंट लांब, हा प्रश्न मादाम क्यूरींनी पहिल्या महायुद्धात हातात घेतला होता.

वॉर्सा ते पॅरिस

मारिया स्क्लोदोव्स्का यांचा जन्म १८६७ साली वॉर्सात झाला. तेव्हा तिथे रशियाची सत्ता होती आणि मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती. मोठ्या बहिणीला पॅरिसमध्ये डॉक्टर होता यावं म्हणून मारियांनी काही वर्षं लोकांच्या घरी राहून मुलांना शिकवलं. १८९१ मध्ये त्या स्वतः पॅरिसला गेल्या, भौतिकशास्त्राच्या पदवी परीक्षेत पहिल्या आल्या आणि १८९५ मध्ये त्यांनी पियरे क्यूरींशी लग्न केलं.

पियरे आणि त्यांचे भाऊ जाक यांनी १८८० मध्ये एक शोध लावला होता. क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की त्यावर विजेचा भार तयार होतो. यालाच पिझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. या स्फटिकावर चालणारं उपकरण वापरून मारियांनी अगदी क्षीण विद्युतप्रवाह मोजले आणि १८९८ मध्ये पती-पत्नींनी पोलोनियम व रेडियम शोधलं. १९०३ मध्ये पहिलं नोबेल मिळालं. १९०६ मध्ये पियरे घोडागाडीखाली सापडून गेले. पदरात दोन लहान मुली होत्या. मादाम क्यूरींनी काम थांबवलं नाही. १९११ मध्ये दुसरं नोबेल आलं.

गाडीतलं एक्स-रे युनिट

१९१४ मध्ये युद्ध सुरू झालं. एक्स-रे मशीन मोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलांत होती आणि जखमी सैनिक आघाडीवर. गोळी नेमकी कुठे अडकलीय हे न दिसता सर्जनला शरीर उघडावं लागायचं. मादाम क्यूरींनी श्रीमंत घरांतून गाड्या मागून घेतल्या. गाडीत एक्स-रे ट्यूब, घडीचं टेबल, काळे पडदे आणि फोटोच्या काचा ठेवल्या. वीज कुठून आणायची? गाडीच्या इंजिनावर चालणारा डायनॅमो बसवला. अशा सुमारे २० गाड्या आणि २०० कायमच्या एक्स-रे खोल्या त्यांनी उभ्या केल्या. या गाड्यांना लोक 'छोट्या क्यूरी' म्हणू लागले.

त्या स्वतः गाडी चालवायला शिकल्या, शरीररचना शिकल्या. १७ वर्षांची मुलगी इरेन सोबतीला होती. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे, त्यांनी सुमारे १५० महिलांना ही मशीन चालवायचं प्रशिक्षण दिलं. युद्धात या सगळ्या यंत्रणेने दहा लाखांहून जास्त जखमींची तपासणी केली, असा अंदाज आहे.

गोळी किती खोल आहे?

एक्स-रेची एक अडचण असते. सावलीवरून गोळी कुठे आहे ते कळतं, किती खोल आहे ते कळत नाही. मग ट्यूब ठराविक अंतर सरकवून दुसरी सावली घ्यायची आणि सावली किती सरकली ते मोजायचं. दहावीच्या भूमितीतले समरूप त्रिकोण वापरले की खोली निघते. इमेज बघून सर्जनच्या हाताला दिशा देणं, म्हणजे आज ज्याला आपण गायडन्स म्हणतो, ते हेच.

याच युद्धात पियरेंचे विद्यार्थी पॉल लांजेव्हॅन यांनी क्वार्ट्झला वीज देऊन थरथरायला लावलं आणि पाण्यात अल्ट्रासाउंड सोडून पाणबुडी शोधायचं तंत्र उभं केलं. आजचा सोनोग्राफी प्रोब याच तत्त्वावर चालतो, फक्त क्वार्ट्झऐवजी बहुतेक वेळा सिरॅमिक असतं. शरीरात आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर जातो. ५ सेंटीमीटर खोलीवरून प्रतिध्वनी यायला सुमारे ६५ मायक्रोसेकंद लागतात. वेळ मोजला की खोली मिळते.

किंमत

मादाम क्यूरी ४ जुलै १९३४ रोजी अप्लास्टिक अ‍ॅनिमियाने गेल्या. १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पॅंथिऑनमध्ये हलवताना तपासणी झाली. त्यात रेडियमचं प्रमाण कमी आढळलं, त्यामुळे रेडियमपेक्षा युद्धातल्या एक्स-रेचा वाटा जास्त असावा, असं तज्ज्ञांचं मत पडलं. इरेनही १९५६ मध्ये ल्युकेमियाने गेल्या.

आजही छोट्या छेदातून मणक्याचं ऑपरेशन करताना सी-आर्म नावाचं एक्स-रे मशीन पुन्हा पुन्हा चालू करावं लागतं. त्यामुळे डॉक्टर आणि स्टाफ शिशाचे एप्रन घालतात. सोनोग्राफीत रेडिएशन अजिबात नाही. मणक्याच्या सांध्यात किंवा नसेजवळ इंजेक्शन देताना, कमरेत सुई कुठे घालायची ते ठरवताना तिचा चांगला उपयोग होतो. ऑपरेशनमध्ये थोडं हाड काढलं की त्या खिडकीतून आतली मज्जारज्जूही दिसते. मर्यादा एवढीच की अखंड हाडाच्या पलीकडचं तिला दिसत नाही. म्हणून स्क्रू बसवताना सी-आर्म लागतोच.

पोर्टेबल सोनोग्राफी मशीन आता पिशवीत मावतं. पण आपल्याकडे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्यामुळे प्रत्येक मशीनची नोंदणी लागते आणि ते मनाला येईल तिथे नेता येत नाही. मुलींचे जीव वाचवायचे तर हे बंधन हवंच. म्हणजे गावाजवळच्या नोंदणी झालेल्या हॉस्पिटलातच मशीन आणि ते वाचता येणारा माणूस, दोन्ही हवेत. मशीन विकत मिळतं, माणूस घडवावा लागतो. मादाम क्यूरींच्या हिशोबात २० गाड्यांसोबत १५० शिकवलेल्या महिला होत्या. शिरूर-दौंडमध्ये मशीन घेताना बजेटमध्ये ही दुसरी ओळही धरायला हवी.