रहीमसाहेबांचे माप

फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सिंगापूरने भारतावर २-१ असा विजय मिळविला आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दार आपल्याला बंद झाले. मैदानातून परतणाऱ्या गोमंतकीय रसिकांच्या तोंडी त्या रात्री एकच चर्चा होती : याच्या जागी दुसरा कोणी असता तर? खालिद जमील यांच्याकडे संघ येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांच्याआधीचे मानोलो मार्केझ हे तर याच फातोर्ड्यावर २० मार्च २०२२ रोजी हैदराबादच्या संघाला लीगचे विजेतेपद मिळवून देणारे गृहस्थ. जून २०२४ मध्ये इगोर स्टिमाच यांना दूर केले गेले तेव्हा अनेकांना मार्केझ हेच उत्तर वाटले होते. ते उत्तर मिळाले आणि वर्षभरात राष्ट्रीय संघाच्या खात्यावर एकच विजय जमा झाला. हाती असलेला प्रशिक्षक आपण त्याच्या पराभवांवरून तोलतो आणि दूरचा मात्र त्याच्या कीर्तीवरून. एकाच तराजूची ही दोन वजने आहेत. प्रशिक्षकाला मग मोजावे तरी कशाने, हा प्रश्न मनात आला की आम्हांला हैदराबादचे एक शाळामास्तर आठवतात. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. निजामाच्या राजवटीत ते उस्मानिया विद्यापीठातून पदवीधर झाले, शाळेत शिकवू लागले आणि पुढे शारीरिक शिक्षणाचीही पदविका त्यांनी घेतली. स्वतः ते खेळत असत. पण खेळाडू म्हणून त्यांचे नाव शहराच्या वेशीबाहेर फारसे गेले नाही. त्यांची बुद्धी रमली ती संघटनेत आणि शिकवण्यात. चाळिशीच्या दशकात हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्या हाताखाली तयार होऊ लागला. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले त्याला तेव्हा दोन वर्षेही पुरती झालेली नव्हती.

मास्तरांनी केले ते मास्तराला शोभेल असेच. त्यांनी स्थानिक स्पर्धांचे नियमच बदलून पाहिले. एखाद्या स्पर्धेत चेंडू पायात घोळवत नेण्यास बंदी, म्हणजे पोरांना तो झटपट दुसऱ्याकडे देणे भाग पडे. दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत खेळाडूने आपला दुबळा पायच वापरावयाचा.  यांत ना खर्च होता, ना परदेशी तज्ज्ञ. आमच्या मते रहीमसाहेबांचे सगळे मोठेपण या युक्त्यांत बीजरूपाने दिसते. खेळाडूची खोड ओळखावी आणि उपदेश न करता परिस्थितीच अशी रचावी की ती खोड आपसूक मोडेल. याची फळे मुंबईकरांनी कूपरेजवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक या पोलिसांनी नेला. १९५० च्या ड्युरँड स्पर्धेत तर त्यांनी मोहन बागानलाही नमविले.

त्या काळी फुटबॉलची राजधानी म्हणजे कलकत्ता. राष्ट्रीय संघाची सूत्रे दख्खनमधल्या एका शिक्षकाच्या हाती जाणे ही म्हणूनच लहान गोष्ट नव्हती. मार्च १९५१ मध्ये दिल्लीला पहिले आशियाई सामने झाले. पंडित नेहरूंच्या उपस्थितीत अंतिम सामन्यात मेवालालच्या गोलावर भारताने इराणला १-० असे हरविले. सुवर्णपदक मिळाले, जयजयकार झाला.

आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकी! १९५२ च्या जुलैमध्ये, फिनलंडच्या थंडीत, आपले बरेचसे खेळाडू अनवाणी उतरले आणि युगोस्लाव्हियाने त्यांना १०-१ असे लोळविले. असा आकडा कपाळावर घेऊन परतलेला प्रशिक्षक आजच्या काळात विमानतळावरून घरी पोचेपर्यंत तरी पदावर राहील काय? आम्हांला शंका आहे. खरे कारण उघड होते. पायात बूट नव्हते, हवामानाची सवय नव्हती, आणि प्रतिस्पर्धी त्या स्पर्धेचे रौप्यपदक जिंकणारा होता. त्या दिवशी कलकत्त्याचा वा इंग्लंडचा कोणीही पंडित बाकावर बसविला असता तरी निकाल किती पालटला असता? दोन-तीन गोल कमी, इतकेच. पराभवानंतर संघटनेने बूट सक्तीचे केले आणि रहीमसाहेबांचा भारतीय संघाशी असलेला संबंधही तुटला नाही. हे दोन्ही निर्णय शहाणपणाचे होते.

कारण चारच वर्षांनी, १९५६ साली मेलबर्नला, तोच युगोस्लाव्हिया पुन्हा समोर आला, तोही उपांत्य सामन्यात. हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली होती. नशिबाचा हा भाग नाकारू नये. पण पुढचा सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी होता आणि तो भारताने ४-२ असा जिंकला. त्यात तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे! मूळचा आसगावचा, मुंबईत नावारूपाला आलेला हा आपला माणूस ऑलिंपिकमध्ये तीन गोलांची मालिका करणारा पहिला आशियाई ठरला. मधला आघाडीचा खेळाडू थोडा मागे खेचून प्रतिस्पर्धी बचावाला गोंधळात पाडण्याची चाल रहीमसाहेबांनी तिथे वापरली. पुढे १९५८ मध्ये ब्राझीलने जगाला दाखविलेल्या मांडणीशी तिचे नाते जाणकार सांगतात. युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल भारताचाच होता, पुन्हा नेव्हिलचा. शेवटी ४-१ अशी हार झाली, नंतर बल्गेरियाकडूनही ३-० असा पराभव झाला आणि भारत चौथा आला. युगोस्लाव्हियाने याही खेपेस रौप्यपदक नेले. हेलसिंकीच्या १०-१ शेजारी मेलबर्नचे ४-१ ठेवून पाहावे, म्हणजे चार वर्षांतली वाटचाल कळते.

रोमच्या १९६० च्या ऑलिंपिकमध्ये पदक नव्हते, गटातून वरही जाता आले नाही. हंगेरीशी २-१ अशी हार, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी आणि पेरूकडून ३-१ असा पराभव. नुसता तक्ता पाहणारा याला अपयशच म्हणेल. फ्रान्सला अखेरच्या टप्प्यापर्यंत मागे ठेवणारा भारतीय संघ नंतर आपण किती वेळा पाहिला, हे त्याने सांगावे.

१९६२ चे जाकार्ता ही तर निराळीच कथा. इस्रायल आणि तैवान यांना वगळल्याबद्दल भारतीय प्रतिनिधी सोंधी यांनी हरकत घेतली होती. त्यामुळे यजमान शहर भारतीयांवर खवळलेले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २-० असे हरविले. मग थायलंड व जपान यांच्यावर विजय आले. पण बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग डोक्याला टाके पडून जायबंदी झाला. रहीमसाहेबांनी त्याला बाहेर बसविण्याऐवजी आघाडीला पाठविले. त्याने दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात, लाखाच्या घरातल्या विरोधी जमावासमोर, त्याच कोरियाविरुद्धही केला. दुसरा गोल प्रदीपकुमार बॅनर्जी यांचा. भारत २-१ असा जिंकला. त्या संघात चुनी गोस्वामी, बलराम, थंगराज होते, तसाच आपल्या कोलवाळचा फॉर्च्युनात फ्रँकोही होता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. ती पिढीच असामान्य होती, कोणीही जिंकले असते! १९६४ च्या आशिया चषकात हॅरी राइट या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली भारत दुसरा आला, हा त्याचा पुरावा म्हणून सांगितला जातो. त्या स्पर्धेत संघ चारच होते, ही गोष्ट मात्र सांगायची राहते. त्याच सुमारास टोकियो ऑलिंपिकची पात्रता इराणपुढे हुकली, १९६६ च्या बँकॉकला गटातच गाशा गुंडाळावा लागला. १९७० चे कांस्य हैदराबादच्याच नईमुद्दीनच्या नेतृत्वाखाली आले आणि त्यानंतर आशियाई सामन्यांत भारतीय फुटबॉलच्या हाती पदक पडलेले नाही. रहीमसाहेबांच्या जागी दुसरा असता तर काय झाले असते, याचे पुरते उत्तर कोणापाशीच नाही. पण त्यांच्यानंतर ज्यांना ज्यांना ती जागा मिळाली, त्यांची यादी लांब आहे. त्यांतल्या कोणाला एकाच प्रतिस्पर्ध्यासमोर दुसऱ्यांदा उभे राहून इतके अंतर कापता आले?

जाकार्ताच्या विजयाला नऊ महिने होत असताना, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने रहीमसाहेबांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. हैदराबादचा वारसा मात्र आमच्या किनाऱ्यापर्यंत पोचला. त्यांचे चिरंजीव एस. एस. हकीम साळगावकर संघाचे प्रशिक्षक झाले, आणि १९९८-९९ ची राष्ट्रीय लीग साळगावकरने जिंकली तेव्हा त्या संघाचे शिक्षक होते हैदराबादचेच शब्बीर अली. रहीमसाहेबांवरचा चित्रपट २०२४ मध्ये पडद्यावर आला, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर एकसष्टाव्या वर्षी. तोवर त्यांचे नाव हैदराबादेतले जुने खेळाडू आणि खेळाच्या नोंदी जपणारी थोडी माणसे, यांच्यापुरतेच उरले होते.