आचार्य विनोबा भावे : गागोद्याचे घराणे व भूमीचा सहावा वाटा

महोत्सवास आपल्या लोकांच्या तोंडी ज्युबिली हा शब्द रूढ आहे. परंतु त्याचा मूळ अर्थ काय, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात इस्राएल लोकांस असा नियम घालून दिलेला आहे की, दर पन्नासाव्या वर्षी रणशिंग फुंकून ज्युबिली वर्ष पाळावे, दास मोकळे करावेत, आणि अडचणीपायी ज्या कुटुंबास आपली वडिलार्जित जमीन विकावी लागली असेल त्यास ती परत मिळावी. कारण भूमीचा खरा धनी परमेश्वर असून मनुष्य तीवर केवळ पाहुणा आहे. तेव्हा ज्युबिली हा मुळात रोषणाईचा व मेजवानीचा सण नव्हे. तो जमिनीच्या न्यायाचा सण होय.

ह्या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे असे ठरले, तेव्हा हाच अर्थ आमच्या मनात होता. म्हणून आम्ही ज्यांचे चरित्र निवडले ते आपल्या धर्माचे नव्हते. परंतु ते आपल्याच पेण तालुक्याच्या मातीत जन्मले, आणि ज्युबिलीच्या त्या प्राचीन नियमात जे सांगितले आहे तेच मागत देशभर पायी हिंडले. आचार्य विनोबा भावे हे ते पुरुष होत.

विनोबांचे कार्य समजण्यास आपल्या भागातील जमिनीची स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. पेशवाई बुडाल्यावर १८१८ साली पेणचा मुलूख इंग्रजांकडे गेला. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० साली खालसा झाले. आणि पुढे १८६९ साली कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला, ज्याचे नाव १९८१ साली रायगड असे बदलले. राज्ये बदलली, तरी शेतकऱ्याचे कष्ट बदलले नाहीत. पेणच्या खाडीकाठी आपल्या पूर्वजांनी चिखलात उभे राहून बांध घातले, उघाड्या बसविल्या, भरतीचे खारे पाणी बाहेर लोटले आणि जेथे समुद्र होता तेथे भात पिकविले. रोह्याकडे कुंडलिकेच्या काठी व डोंगराच्या उतारावर राब भाजून, वरकस जमिनीत नाचणी-वरी पेरून कुटुंबे जगली. परंतु ज्याने बांध घातला त्याचेच नाव सरकारी दप्तरात लागले असे नव्हे. कोठे खोत, कोठे इनामदार, कोठे सावकार, आणि त्यांच्याखाली अर्धेलीने राबणारे कूळ. अशी ही उतरंड होती. कातकरी व ठाकूर ह्यांस तर त्या उतरंडीतही जागा नव्हती. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून संप चालविला, तो ह्याच दुःखापोटी होय.

अशा ह्या मुलखात, पेण तालुक्यातील डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गागोदे गावी, भावे घराणे नांदत होते. घरात शेतीवाडी होती, देवधर्म होता आणि गावात मान होता. घराचे कर्ते पुरुष शंभूराव भावे हे अत्यंत श्रद्धाळू असून व्रते व उपवास ह्यांत त्यांचा काळ जाई. त्यांचे चिरंजीव नरहरराव हे मात्र नव्या विद्येचे, शास्त्रीय बुद्धीचे गृहस्थ. नोकरीनिमित्त ते बडोद्यास राहत. त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई ह्या कर्नाटकाकडील. भजनात रमणाऱ्या आणि फारशा न शिकलेल्या. ह्या दांपत्याच्या पोटी ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे येथे विनायक हा मुलगा जन्मास आला. तोच पुढे विनोबा ह्या नावाने जगास ठाऊक झाला.

विनायकाचे बालपण आजोबांच्या छायेत गेले. पेणचे गणपती आज देशोदेशी जातात. परंतु शंभूराव घरचा गणपती घरीच चंदन उगाळून करीत, आणि नातवंडे त्यांस हातभार लावीत. इतक्या मायेने घडविलेली मूर्ती ठरल्या दिवशी पाण्यात सोडावयाची, ह्याचे मुलास मोठे दुःख होई. परंतु ज्याची मनोभावे पूजा करावी तेही वेळ येताच हातचे सोडता आले पाहिजे, हा धडा त्यास तेथेच मिळाला.

दुसरा धडा आईने दिला. अंगणातील फणस पिकला की ती माउली गरे काढून द्रोण भरी आणि प्रथम शेजारच्या घरोघरी मुलाच्या हाती पाठवी. मग उरलेले त्यास मिळत. आधी देणे, मग खाणे, असा त्या घरचा क्रम होता. शेजारची बाई परगावी गेली असता रुक्मिणीबाई त्या घरचा स्वयंपाक करून येत. परंतु आधी स्वतःच्या घरचा उरकीत. परक्यांच्या आधी आपले पाहणे हा स्वार्थ नव्हे काय, असा मुलाने आक्षेप घेतला. तेव्हा शेजाऱ्यांचे अन्न ऊन राहावे म्हणून ते मागाहून करावयाचे, असे तिने त्यास समजाविले. मोठमोठ्या ग्रंथांतून जे हाती लागत नाही ते कित्येकदा चुलीपाशी लागते, ते असे.

पुढे कुटुंब बडोद्यास गेले. विनायक बुद्धीने तीव्र, गणितात निपुण; परंतु त्याचे मन पदवीत नव्हते. एके दिवशी त्याने आपली प्रशस्तिपत्रे आईच्या देखत चुलीत घातली. १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस जावयास निघालेला हा तरुण सुरतेस उतरला आणि काशीस गेला. तेथे गांधीजींच्या भाषणाचा वृत्तांत त्याच्या वाचनात आला; पत्रव्यवहार झाला; आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेजवळील कोचरब आश्रमात दोघांची प्रथम भेट झाली. तेथून पुढे त्यांस दुसरे घर उरले नाही. १९१८ च्या ऑक्टोबरात आई निवर्तली. गीता मराठीत समजावी ही तिची इच्छा होती. तिच्या मागे बारा वर्षांनी, १९३० च्या ऑक्टोबरात आरंभ करून १९३१ च्या फेब्रुवारीत, पुत्राने गीताई सिद्ध केली.

१९२१ साली ते वर्ध्यास आले आणि १९३८ पासून धाम नदीच्या काठी पवनार येथे राहू लागले. १९४० च्या १७ ऑक्टोबरास वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांचीच निवड केली. त्यापूर्वी देशास त्यांचे नाव फारसे ठाऊक नव्हते, कारण ते सभा गाजविणारे नव्हते. कातणे, विणणे, दळणे, खणणे ही त्यांची तपश्चर्या होती. पवनारजवळच्या सुरगावी ते पुष्कळ दिवस रोज चालत जाऊन गावची घाण स्वहस्ते उचलीत. १९५० च्या सुमारास त्यांनी आश्रमात ऋषिशेतीचा प्रयोग आरंभिला. बैल न लावता, केवळ मनुष्याच्या हाताने जमीन कसून, पैशाच्या आधाराविना जगता येते की नाही, हे त्यांस पाहावयाचे होते. अशा रीतीने गागोद्याच्या सुखवस्तू घरचा नातू कुदळ घेऊन सामान्य शेतकऱ्याच्या पंक्तीस बसला.

येथपर्यंत त्यांच्या हातून जे घडले ते एका साधकाचे चरित्र होय. परंतु १९५१ साली त्यास निराळेच वळण लागले. हैदराबादजवळच्या सर्वोदय संमेलनास ते पवनारहून पायी गेले व परतताना तेलंगणात शिरले. त्या भागात जमीनदार व शेतकरी ह्यांच्यात रक्तपात चालला होता. १८ एप्रिल रोजी नळगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली गावी हरिजनांची ४० कुटुंबे त्यांच्यापुढे आली. त्यांनी पोटापुरती ८० एकर जमीन मागितली. विनोबांपाशी द्यावयास काहीच नव्हते. त्यांनी गावकऱ्यांस सहज विचारले, आणि रामचंद्र रेड्डी नामक गृहस्थ उठून १०० एकर देण्यास तयार झाले. त्याच दिवशी भूदानाचा जन्म झाला.

ह्यानंतर त्यांनी जी युक्ती काढली ती आम्हांस त्यांच्या सर्व चरित्राचे मर्म वाटते. ते भीक मागत नसत, वाटणी मागत. ज्या घरी पाच पुत्र असतील त्या घराने आपणांस सहावा पुत्र समजावे आणि सहावा वाटा द्यावा, म्हणजे तो भूमिहीनाकडे जाईल, अशी त्यांची मागणी असे. ज्याने विवाह केला नाही, ज्याने घर सोडले, तो अशा प्रकारे घरोघरीचा मुलगा झाला. त्यांचे बंधू बाळकोबा व शिवाजी हेही आजन्म ब्रह्मचारी राहिले. एक उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात, दुसरे धुळ्यास, सेवेतच झिजले. तिघाही बंधूंचा वंश पुढे चालला नाही. परंतु ज्या ज्या घराने सहावा वाटा तोडून दिला, त्या त्या घरच्या वंशावळीत ह्या पुत्राचे नाव न लिहिताच लागले.

त्याच वर्षी नियोजन मंडळाशी जमिनीच्या प्रश्नावर विचारविनिमय करण्यासाठी ते पवनारहून दिल्लीस सुमारे दोन महिने चालत गेले. त्या वेळी भारताचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, ज्यांचे घराणे आपल्या रोह्याचे, आणि जे वयाने विनोबांहून केवळ चार महिन्यांनी धाकटे. पेणचा एक पुत्र पायी धुळीतून जमीन मागत निघालेला, आणि रोह्याचा एक पुत्र राष्ट्राच्या तिजोरीचा भार वाहणारा. आपल्या लहानशा मुलखास हा योग भूषणावह आहे.

१९५१ पासून १९६४ पर्यंत विनोबा प्रांतामागून प्रांत चालत राहिले. एकंदर सुमारे ४२ लाख एकर जमिनीची दानपत्रे झाली. पुढे संपूर्ण गावाने जमिनीची मालकी ग्रामसभेकडे द्यावी असे ग्रामदानही निघाले. १९५८ साली त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु सत्य सांगावयाचे तर सर्वच सांगितले पाहिजे. त्यांनी मनाशी धरलेला आकडा पाच कोटी एकरांचा होता. तो कधीच गाठला गेला नाही. मिळालेल्या जमिनीपैकी कित्येक खडकाळ निघाली, कित्येक तंट्यात अडकली, कित्येक दात्यांनी वा त्यांच्या मुलांनी मागे घेतली, आणि मोठा भाग कित्येक वर्षे वाटलाच गेला नाही. देणाऱ्याचे मन एका सायंकाळी द्रवले, तरी सातबाराच्या उताऱ्यावरील नाव बदलण्यास दुसऱ्या दिवशी चावडीवर जाणारा कोणी लागतो. तो पुष्कळ ठिकाणी नव्हता. पुढे आणीबाणीच्या काळात विनोबांनी शासनाचा उघड निषेध केला नाही, म्हणून त्यांचे अनेक जुने सहकारी त्यांस दुरावले. थोरांच्या चरित्रातील उणे झाकल्याने त्यांचा मान वाढत नाही.

आपणां ख्रिस्ती जनांस आणखी एक गोष्ट कळविणे अवश्य आहे. विनोबांनी निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ मूळ भावनेने अभ्यासिले होते. कुराणाचे सार त्यांनी काढले, तसेच नव्या कराराच्या अध्ययनातून ख्रिस्तधर्मसार हे पुस्तकही सिद्ध केले. परक्याच्या देवघरात शिरताना त्यांनी पादत्राणे बाहेर ठेविली, आणि तेथून भांडणाचे साहित्य न आणता प्रसाद आणला.

१९४७ साली वडील नरहरराव धुळे येथे वारले, तेव्हा त्यांच्या अस्थी गोदावरीत न सोडता विनोबांनी भूमीतच ठेविल्या. मातीचे ते मातीस द्यावे, हा विचार आपणांस परका नाही. राखेच्या बुधवारी तोच आपल्या कपाळी लाविला जातो. स्वतः विनोबांनी अंतकाळ जवळ आला असे जाणून अन्न व औषध वर्ज्य केले आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, पवनार येथे देह ठेविला. पुढील वर्षी भारतरत्न हा किताब त्यांस मरणोत्तर देण्यात आला. गागोद्यास आज त्यांच्या नावाचा आश्रम आहे.

आता आपणांकडे वळू. खोती १९४९ च्या कायद्याने गेली; १ एप्रिल १९५७ ह्या कृषकदिनाने कसणाऱ्यास मालकीचा मार्ग खुला झाला; आणि पुष्कळ कुळे जमिनीची धनी झाली. परंतु जमिनीचा प्रश्न मिटला नाही. त्याने केवळ रूप पालटले. २००८ साली पेण तालुक्यातील २२ गावांत, विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की न द्यावी, ह्यावर लोकांचे मत घेतले गेले, हे आपणांपैकी अनेकांस आठवत असेल. खाडीचे बांध फुटतात तेव्हा ते बांधावयास एकत्र येणारे हात कमी झाले आहेत. आणि वडिलांच्या पश्चात दोन गुंठ्यांसाठी भाऊ भावाशी बोलत नाही, बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊन तिला रित्या हाती पाठविले जाते, अशी घरे आपल्या वस्तीतही आहेत. अशा घरी सहावा वाटा मागावयास कोणी आला, तर त्यास पहिल्या पाचांतच भांडण दिसेल.

म्हणून ह्या ज्युबिलीच्या निमित्ताने आमचे वाचकांस नम्र मागणे इतकेच आहे. पाच कोटी एकर आपल्या हाती नाहीत; परंतु एक बांध आपल्या हाती आहे. ज्याचा कोणाशी शेताच्या हद्दीवरून अबोला असेल त्याने ह्या वर्षी तो तोडावा. ज्या बहिणीचा वाटा राहिला असेल तो तिला पोचता करावा. आणि ज्या कातकरी कुटुंबाची झोपडी आपल्या जमिनीत कित्येक वर्षे उभी आहे, त्यास उद्या उठावे लागणार नाही अशी कागदोपत्री व्यवस्था करावी. फणसाचे गरे आधी शेजाऱ्याकडे पाठविण्याची गागोद्याच्या त्या माउलीची रीत आपल्या घरी आली, तर आपला महोत्सव खऱ्या अर्थाने साजरा झाला, असे आम्ही समजू.