आपोआप उघडणारे दरवाजे

मी भोरचा, भाटघर धरण बघत वाढलो. पण विश्वेश्वरय्या म्हणजे कॉन्व्हेंटमध्ये पाठ केलेलं एक नाव, एवढंच! वडील लहानपणीच वारले, शिकवण्या घेत शिकले आणि १८८३ साली पुण्यातूनच इंजिनियर झाले. पुढे पुण्याच्या पाटबंधाऱ्यांचं काम आलं. पावसाळ्यात वेल्ह्याच्या डोंगरातलं पाणी खडकवासल्याच्या सांडव्यावरून वाहून जायचं, उन्हाळ्यात टंचाई. भिंत वाढवणं खर्चिक. मग १९०३ मध्ये त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. सुमारे आठ फूट जादा पाणी अडलं! पातळी त्याच्यावर गेली की दरवाजे आपोआप उघडणार, उतरली की बंद. भर पावसात रात्री कोणी धावायला नको. पेटंट घेतलं, रॉयल्टी मात्र नाकारली (आपण घेतली असती!). १९६२ साली ते गेले.