नैनसिंह रावत : माळेवर पावले मोजणारे पंडित

दिवसभरात आपण किती पावले चाललो हे आज तुमचा मोबाइल किंवा मनगटावरचे घड्याळ सांगते. दीडशे वर्षांपूर्वी एका शाळामास्तरांनी अशी कोणतीही सोय नसताना लाखो पावले मोजली आणि त्या मोजणीवरून तिबेटच्या वाटांचा नकाशा तयार झाला. चालण्याचा सल्ला मिळालेल्या प्रत्येकाने त्यांची पद्धत समजून घ्यावी अशी आहे.

मिलमचे मास्तर

पंडित नैनसिंह रावत यांचा जन्म १८३० साली कुमाऊँमधील जोहार खोऱ्यातल्या मिलम गावी झाला. हा भाग आता उत्तराखंडात येतो. गावातील लोक तिबेटशी व्यापार करत, त्यामुळे तिबेटी भाषा आणि डोंगरवाटा त्यांच्या परिचयाच्या होत्या. गावात ते शिक्षक होते, म्हणून लोक त्यांना पंडित म्हणत.

त्या काळी तिबेटमध्ये परक्यांना प्रवेश नव्हता. इंग्रज सरकारच्या सर्वेक्षण खात्याला मात्र तिथला नकाशा हवा होता. कॅप्टन माँटगोमेरी या अधिकाऱ्याने भारतीय सर्वेक्षक वेषांतर करून पाठवण्याची योजना आखली. १८६३ मध्ये नैनसिंह डेहराडूनला शिकायला गेले. तिथे त्यांना चढ असो की उतार, एकाच लांबीचे पाऊल टाकायची सवय लावण्यात आली. साधारण २००० पावलांत एक मैल, असा हिशोब होता.

शंभर मण्यांची माळ

जपमाळेत सहसा १०८ मणी असतात. नैनसिंहांच्या माळेत १०० होते. दर १०० पावलांना ते एक मणी ओढत. पूर्ण माळ झाली की १०,००० पावले, म्हणजे सुमारे ८ किलोमीटर. नोंदींचे कागद ते प्रार्थनाचक्रात लपवत. मोजणी चालू असताना कोणी जवळ आले की ते चक्र फिरवत पुटपुटू लागत. प्रार्थना चालली आहे असे समजून लोक त्यांना अडवत नसत.

१८६५ मध्ये ते काठमांडूमार्गे निघाले आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले. ओळख उघड झाली असती तर जिवावर बेतले असते. परत येईपर्यंत त्यांनी सुमारे १९०० किलोमीटर वाट मोजली होती. पावले भरली जवळपास २५ लाख! पुढे १८७४-७५ मध्ये ते लेहहून ल्हासामार्गे आसामपर्यंत गेले. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. २००४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

मात्र उंचावरची थंडी आणि अतिश्रम यांमुळे त्यांची प्रकृती आणि दृष्टी खालावली. नंतर ते नव्या सर्वेक्षकांना शिकवू लागले.

तुम्हालाही १०,००० पावले हवीतच का?

नाही. हा आकडा लोकप्रिय झाला तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्रामुळे. त्या यंत्राच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचा मापक असा होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वयस्कर स्त्रिया पाहिल्या गेल्या. त्यांचे सरासरी वय ७२ होते. रोज सुमारे २७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. सुमारे ७५०० च्या पुढे आणखी फरक दिसला नाही. म्हणजे आज कमी चालणाऱ्याने थोडे वाढवले तरी त्याला फायदा होण्याची शक्यता आहे.

मोजायला सुरुवात कशी कराल?

- पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त मोजा. रोजचा आकडा वहीत लिहा आणि सरासरी काढा.
- मोबाइल टेबलावर राहिला तर पावले मोजली जात नाहीत. तो खिशात ठेवा.
- दर एक-दोन आठवड्यांनी रोजची ५०० पावले वाढवा.
- जेवणानंतर दहा मिनिटे चाला. मधुमेह असल्यास जेवणानंतरची साखर कमी राहायला मदत होते.
- बसमधून एक थांबा आधी उतरा, फोनवर बोलताना फेऱ्या मारा. पावसाळ्यात घरात किंवा सोसायटीच्या व्हरांड्यात चाला.
- आजी-आजोबांना मोबाइल जमत नसेल तर माळ आहेच. दर १०० पावलांना एक मणी. किंवा खिशात चिंचोके ठेवून प्रत्येक फेरीला एक दुसऱ्या खिशात टाका.

नैनसिंहांना पाऊल ठरावीक लांबीचेच टाकावे लागे. तुमच्यावर तसे बंधन नाही. गुडघे दुखत असतील तर पाऊल लहान ठेवा, मध्ये बसा, मग पुढे चाला.

केव्हा थांबाल?

चालताना छातीत दुखले किंवा दडपण आले, नेहमीपेक्षा जास्त दम लागला, घेरी आली, तर लगेच थांबा. थांबूनही त्रास कमी झाला नाही तर ताबडतोब रुग्णालय गाठा. कमी झाला तरी पुन्हा चालायला लागण्याआधी डॉक्टरांना दाखवा. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळे येत असतील तर तेही सांगा. मधुमेह असेल तर अनवाणी चालू नका आणि रोज रात्री तळपाय तपासा. नुकतीच शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर किती चालायचे ते आधी तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

२५ लाख पावलांचा तो प्रवास शंभर-शंभर पावलांनीच पुरा झाला. तुमच्या वहीतला पहिला आकडा लहान असला तरी तो खरा लिहा. पुढच्या तपासणीला वही सोबत आणा. औषधांच्या यादीइतकाच तिचा आम्हाला उपयोग होतो.