नामदेवरायांची सोबत

तरुणपणी दिंडीत खांद्याला खांदा लावून चालणारे किती सोबती पुढे उरतात? साठी उलटल्यावर आम्ही मोजू लागलो, तर एका हाताची बोटेही जास्त झाली. कोणी प्रपंचात गुंतला, कोणी एका शब्दावरून रुसला, कोणी वैकुंठवासी झाला. अशा वेळी आम्हांस नामदेवरायांचे चरित्र आठवते.

नामदेवरायांचा जन्म शके ११९२, म्हणजे सन १२७० चा. ज्ञानेश्वर माउली त्यांच्याहून ५ वर्षांनी लहान. माउलींनी तीर्थयात्रेस सोबत मागितली आणि पंढरी सोडवत नसतानाही नामदेव निघाले. पण या स्नेहात नुसती गोडीच होती असे समजू नका बरे! संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने मडकी पारखावी तशी एकेकाची डोकी पारखली आणि नामदेवांस कच्चे ठरविले, अशी कथा आहे. ते दुखावून पंढरीस परतले. आपण असतो तर पुन्हा तोंड पाहिले नसते. नामदेवांनी मात्र राग गिळला, आपली उणीव ओळखली आणि विसोबा खेचरांचे पाय धरले. तुटायचा तो स्नेह पक्का झाला.

पुढे शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस माउलींनी आळंदीस समाधी घेतली. वर्षाच्या आत सोपानदेव, मुक्ताबाई, निवृत्तिनाथ गेले. मेळा ओस पडला. नामदेव अवघे २६ वर्षांचे, पुढे आणखी ५४ वर्षे काढायची! ती त्यांनी रडत काढली नाहीत. समाधीचा सोहळा अभंगांत बांधला, कीर्तन पंजाबात घुमानपर्यंत नेले. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत.

सन १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकूस कोसळून चोखोबा गेले. परंपरा सांगते, म्हातारे नामदेव तिथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या वेचल्या आणि पंढरीस महाद्वारासमोर समाधी दिली. ज्यास जिवंतपणी राउळात शिरू दिले नाही, त्यास मित्राने देवाच्या दारी ठाव दिला. सन १३५० मध्ये नामदेव स्वतः त्याच दारी पायरीखाली विसावले.

सोबती जातो, सोबत राहते. मात्र ती राखावी लागते. पायरीचे दर्शन घेऊन घरी परताल, तेव्हा रुसलेल्या एका जुन्या सोबत्याच्या दारी जा. आम्हीही जाणार आहोत. रामकृष्णहरी!